उंदराच्या शेपटीवरून अडलेली सोयरीक

आमच्या घरातले पुरुष आजारी पडत नाहीत. ते एकदम पडतात. सासरे खळ्यावर ज्वारी उफणता उफणता पडले. आमचे मालक सोनगीरच्या स्टँडवर खिडकीजवळच्या जागेसाठी भांडता भांडता पडले. भांडण जवळजवळ जिंकलं होतं, असं बघणारे सांगतात. दोघांनाही बीपी होतं म्हणे. म्हणे एवढ्यासाठी, की दोघांनी कधी दंडाला पट्टा बांधू दिला नाही. पट्टा बैलाच्या गळ्यात शोभतो, असं सासरे म्हणायचे.

राहिला माझा धाकटा दीर अभिमन. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अंगणात नागडा फिरायचा आणि त्याचं नाक मी पुसलेलं आहे, म्हणून आज तो साठीला टेकला तरी मी त्याला अरेतुरेच करते. बाकी गाव त्याला आबा म्हणतं. पाठीमागे गणपतीचा ड्रायव्हर म्हणतं.

ड्रायव्हर यासाठी, की अभिमन धुळ्याला उंदीर सांभाळतो.

धुळ्याच्या अलीकडे औषधं शिकवायचं एक कॉलेज आहे. तिथे तो शिपाई म्हणून लागला होता. पुढे प्राणीघरातला माणूस काम सोडून गेला आणि त्याच्या जागी जायला कोणी तयार होईना. कोणाला वास सहन होईना, कोणाला शेपटीची किळस. अभिमनचा जन्म बैलांचं शेण काढण्यात गेलेला. तो म्हणाला, "शेणपुढे हाई त जिरं शे," आणि गेला. तेव्हापासून तिथेच आहे.

त्या नोकरीने माणूस बदलला. आधी त्याचा आवाज असा, की शेतातून बैलाला हाक मारली तर घरी माझ्या हातातली पळी हलायची. उंदरांना मोठा आवाज चालत नाही. ते दचकतात, आणि दचकलेला उंदीर कामाचा राहत नाही. म्हणून अभिमन हळू बोलायला शिकला. दार हळू लावतो, बादली हळू ठेवतो, चालताना चप्पल वाजू देत नाही. त्याची बायको कमलबाई म्हणते, "इतलं गोड त माले हळद लागनी तवयबी बोलना नही. पुढला जन्म पिंजरामाच देजो रे देवा."

संध्याकाळी बसमधून उतरला की ओट्यावर बसून आम्हाला उंदरांच्या बातम्या सांगायचा. कोण व्यालं, कोणाचे दात वाढले, कोणी कोणाचा कान चावला. लोकांच्या सुनांच्या बातम्यांपेक्षा या बऱ्या असायच्या, कारण त्यात कोणाचं नाव घ्यावं लागत नाही.

मग कॉलेजात मयुरी मॅडम आल्या. या बाई बीपीवर अभ्यास करणाऱ्या. त्यांनी बाहेरून दोन कुळांचे उंदीर मागवले. दोन्ही पांढरेशुभ्र, दोघांचे डोळे गुंजेसारखे लाल, शेजारी ठेवले तर त्यांची आईसुद्धा ओळखणार नाही. पण एका कुळाला खारट खाणं दिलं की त्यांचं बीपी चढत जातं, आणि दुसऱ्या कुळाला तेच खारट दिलं तरी काही म्हणजे काही होत नाही. खाऊन मिशा पुसतात.

"आसं कसं रे?" मी विचारलं.

"रगतमा शे, वहिनी," अभिमन म्हणाला. "ज्यानं बीपी जास्त चढस त्यानं लगीन जास्तवालीसंगे लाई देवानं. त्यासना पोरेसमाधून परत जास्तवाला निवडाना. पिढ्यानपिढ्या. कोठे कोठे त सख्खा भाऊ-बहीण."

मी कानाला हात लावला. तो म्हणाला, "त्यासना कुळाचार न्यारा शे."

पुढे मॅडमनी आणखी एक गंमत केली. या कुळाचा नवरा आणि त्या कुळाची नवरी अशी जोडी लावली. त्यांची पिल्लं निघाली मधली, ना इकडची ना तिकडची. मग त्या पिल्लांची पिल्लं झाली, तर त्यात सगळाच बाजार. एक आजोबावर गेलेलं, दुसरं आजीवर, तिसरं कोणावरच नाही. एकाच आईच्या पोटचे, एकाच पिंजऱ्यातले. अभिमन कितीतरी दिवस त्याच विचारात होता. जेवताना हात थांबायचा आणि म्हणायचा, "आनि उंदीरले काय मालूम, तो कोनावर गया."

इथवर ठीक होतं. पण बाजारात नवं माप आलं की माणूस घरातलं सगळं मोजून बघतो, तसं अभिमनचं झालं. तो माणसांची कुळं लावायला लागला. लग्नाच्या पंगतीत कोण पानातलं मीठ बोटाने पुसून खातो, कोण पापडावर पापड मागतो, हे बघायचा आणि घरी येऊन सांगायचा, अमका पहिल्या कुळाचा, तमका दुसऱ्या. मला त्याने दुसऱ्या कुळात घातलं. कळण्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा आणि त्यावर वरून मीठ, असं मी जन्मभर खाल्लं आणि अजून आडातून कळशी ओढते, म्हणून. स्वतःचं घराणं मात्र त्याने पहिल्या कुळात टाकलं. त्यात हुशारी काही नव्हती. दोन माणसं पडली होती, तिसरा समोर बसला होता.

त्या उन्हाळ्यात त्याला आणखी कोणीतरी सांगितलं, की उडदाच्या पापडात नुसतं मीठ नसतं, जो पापडखार टाकतात तोही मिठाचाच भाऊबंद. झालं. गल्लीतल्या बाया आमच्या अंगणात पाट-लाटणी घेऊन बसलेल्या, आणि हा येऊन म्हणतो, यंदा खार टाकू नका.

कमलबाईने लाटणं खाली ठेवलं नाही. "खार नही टाकं त पापड फुलाव नही, आनि पापड नही फुलना त मी फुगसू. कोनता पाहिजे ते सांगा."

पापड खार टाकूनच झाले. पण अभिमनने त्या दिवसापासून पापड सोडला. मीठ कमी केलं. लोणच्याची बरणी त्याच्या बाजूने सरकवली तरी तो पान आवरून घ्यायचा. सगळं केलं. एकच केलं नाही. दंडाला पट्टा लावून घेतला नाही. माझ्या नवलने, म्हणजे माझ्या मुलाने, माझ्यासाठी घरी बीपीचं यंत्र आणलेलं आहे. अभिमन ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दंडाला लावायचा, दूधवाल्याला सोडलं नाही, आणि स्वतःची पाळी आली की म्हणायचा, "मन्ही बस जाई." सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याची बस जायची.

आता कामिनीचं सांगते. कामिनी नवलची मुलगी, माझी नात. धुळ्याला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते आणि फावल्या वेळात लोकांची छपाईची कामं करून देते. तिथे अमळनेरचा हितेंद्र नावाचा मुलगा आला. त्यांच्या घरचा केळीच्या वेफर्सचा लहानसा कारखाना. पाकिटावर छापायचा मजकूर घेऊन आला होता, त्यात वेफर्समध्ये मीठ किती हेही लिहावं लागतं. ते त्याने चुकवलं होतं. कामिनीने दुरुस्त केलं. पुढच्या महिन्यात तो दुसरा मजकूर घेऊन आला, तो त्याने मुद्दाम चुकवला होता, असं आता कबूल करतो. एवढं झाल्यावर घरच्यांना कळायला वेळ लागत नाही. जात तीच, पाहुणे ओळखीतले, मुलगा कष्टाळू. कामिनीने मला एकटीला गाठून सांगितलं, "आजी, करेन तर इथेच. नाहीतर आणखी दहा जणांपुढे चहाचा ट्रे घेऊन जायला मला सांगू नका." ती असं सांगते तेव्हा तसंच करते. चौथीत असताना शाळा आवडली नाही म्हणून दप्तर आडात टाकलेलं मी बघितलं आहे.

बोलणीचा दिवस ठरला. चैत्र-वैशाखाचं ऊन, आणि हितेंद्रचे वडील जीवराम मोटारसायकलवर अमळनेरहून आलेले, मागे मुलगा. बाकी पाहुणे जीपमध्ये. जीवरामभाऊ अंगाने भरलेले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, आल्या आल्या तांब्याभर पाणी उभ्याने प्यायले. बैठकीत गावातली मोठी माणसं, आणि मध्ये अभिमन. मालक नाहीत तेव्हा घरातला मोठा पुरुष तोच, त्याच्या हातून सुपारी फुटल्याशिवाय सोयरीक ठरत नाही. हा आमच्याकडचा रिवाज.

पाहुण्यांना काय विचारायचं हे सगळ्यांना पाठ असतं. मामकुळ कोणतं, देवक कोणतं, विहिरीला पाणी किती. अभिमनने विचारलं, "तुमना घरमा कोनी पडेल शे का?"

जीवरामभाऊंना वाटलं, निवडणुकीत. म्हणाले, "आम्ही उभाच ऱ्हायनूत नही."

"तसं नही. बीपीमुये."

"हां, ते. बाप पडना व्हता. काकाबी." हे त्यांनी जरा अभिमानानेच सांगितलं. आमच्याकडे पटकन मरण आलं की लोक भाग्यवान म्हणतात.

अभिमनचा चेहरा उतरला. मला कळलं, त्याच्या डोक्यात पिंजरे लागायला लागले. पहिलं कुळ, शेजारी पहिलं कुळ, आणि वर मिठाचा कारखाना. तो उठला, आत गेला आणि माझं यंत्र घेऊन बाहेर आला. "जीवरामभाऊ, हात द्या."

चांगला माणूस. भर बैठकीत, उन्हातून आलेला, घामाने सदरा चिकटलेला, चहा अजून आलेला नाही, समोर होणारी सून पडद्याआडून बघते आहे, आणि त्याने हात दिला. पट्टा फुगला. वरचा आकडा आला एकशे ब्याऐंशी.

अभिमन काही ओरडला नाही. तो ओरडत नाहीच. त्याने तबकातली सुपारी उचलली, खिशात ठेवली आणि उंदरांशी बोलतो त्या आवाजात म्हणाला, "हाई जोडी माले लावता येवाव नही."

जोडी म्हणाला. सोयरीक म्हणाला असता तर एक वेळ चाललं असतं.

जीवरामभाऊंनी बाही खाली केली. गुंडी लावायला वेळ घेतला. मग म्हणाले, "चाल रे हितेंद्र. आपन बैल शेत का म्हशी शेत ते यासना ठरी जावू दे, मंग इसूत." आत शेवभाजी उकळत होती, पुरण वाटून झालं होतं. दारातला पाहुणा न जेवता गेला. आमच्या घरात हे माझ्या आठवणीत पहिल्यांदा झालं. हितेंद्र जाताना एकदा मागे बघून गेला. कामिनी ट्रे ठेवून, पदर खोचून, पाहुण्यांच्या वाटचे कप परत आत नेऊ लागली. रडली नाही. मला तिच्या न रडण्याची भीती वाटली.

त्या आठवड्यात माझा डोळा दाखवायला धुळ्याला जायचं होतं. मोतीबिंदूचा डोळा. कामिनी मला घेऊन गेली. डॉक्टरांकडून लवकर सुटलो तर ती म्हणाली, "चल आजी, आबांकडे बसू. बस एकच आहे, सगळे सोबत जाऊ." अभिमनशी ती तेव्हा बोलत नव्हती. तरी गेली. मी ओळखलं, पोरीच्या मनात काही आहे.

प्राणीघरात बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. एक काचेची खिडकी आहे, तिथून बघायचं. मयुरी मॅडमनी आम्हाला स्टूल दिले. मॅडम म्हणजे एवढीशी पोर, कामिनीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. काचेपलीकडे अभिमन निळा कोट घालून, हातमोजे चढवून एका उंदराला दोन्ही हातांनी असं उचलत होता, की माझ्या नातवंडांना कोणी असं उचललं नाही. त्याने उंदराला एका पारदर्शक नळीत सरकवलं. शेपटी तेवढी बाहेर. आणि नुसता बसून राहिला. ओठ हलत होते. काय बोलत होता ते ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने उंदराला बाहेर काढलं आणि परत पिंजऱ्यात.

"झालं का मोजून?" मी विचारलं.

"नाही आजी," मॅडम म्हणाल्या. "ही नवी बॅच आहे. आम्ही शेपटीला छोटा पट्टा लावून बीपी मोजतो. पण आधी बरेच दिवस फक्त नळीत बसायची सवय करतो. घाबरलेल्या उंदराचं बीपी वर जातं, तो आकडा खरा नसतो. पहिल्या दिवसाचे आकडे आम्ही धरतच नाही."

कामिनी काचेला नाक लावून उभी होती.

मी मॅडमना माझं विचारून घेतलं. म्हटलं, बाई, मी तिसरी शिकलेली, पण एवढं सांगा, पहिल्या कुळाचा नवरा आणि पहिल्या कुळाची नवरी, म्हणजे पोरं पडणारच का?

त्या हसल्या नाहीत. हे मला आवडलं. म्हणाल्या, "हे उंदीर मुद्दाम तसे घडवलेत. इतक्या पिढ्या आपसात लग्नं लावली, की त्या ओळीतला एक बघितला म्हणजे सगळे बघितल्यासारखे. माणसांचं तसं नाही. बीपी वाढवणाऱ्या गोष्टी माणसात खूप असतात, आणि एकेक अगदी बारीक. आईकडून काही येतात, बापाकडून काही. किती आल्या ते कोणी सांगू शकत नाही."

म्हणजे ओटीतल्या गव्हासारखं. मूठ भरून घालायची, दाणे किती गेले ते ना घालणारीला माहीत, ना घेणारीला.

"आणि याच ओळीची पिल्लं," त्या पुढे म्हणाल्या, "लहानपणापासून कमी मिठावर वाढवली तर त्यांचं बीपी एवढं चढत नाही. कुळ तेच, ताट वेगळं. शिवाय माणसांना गोळ्या आहेत. वेळेवर मोजलं तर."

"हाई आमना अभिमनले सांगं का तुम्ही?"

"कितीदा. आबांना सगळं माहीत आहे."

मी काचेतून त्याच्याकडे बघितलं. तो पाण्याच्या बाटल्या भरत होता. माहीत असणं वेगळं आणि पचणं वेगळं. मिठासारखंच आहे ते.

त्या दिवशी रात्रीचं जेवण आम्ही अंगणातच केलं. कामिनी आबांच्या पानात वाढायला आली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलली. एरवी ती शहरातलं बोलते, त्या रात्री मात्र आमच्या बोलीत बोलली.

"आबा, नवा उंदीर ऊना की पहिलाच दिस त्यानं बीपी धरतस का तुम्ही?"

"नही ना माय. घाबरेल ऱ्हास तो. आकडा खोटा येस."

"आनि उन्हमाधून ऊना व्हई तर? चार नवा मानसेसमा बसाडेल व्हई, पानी पिऊन दम टाकेल नसी, तर?"

"मंग त मुळीच..." अभिमन म्हणाला आणि त्याचा हात भाजीत थांबला.

कमलबाई बोलायची संधी कधी सोडत नाही, पण तिने ताक ढवळत राहणं पसंत केलं. शेवटी कामिनीच म्हणाली, "उंदरले आठ-पंधरा दिस. आनि मना सासराले चहाबी नही."

सासरा म्हणाली. अजून ठरलेलं नव्हतं, तरी म्हणाली. नवलने मान खाली घातली, मी हसू पदरात लपवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अभिमन, नवल आणि मी, आम्ही अमळनेरला गेलो. रुसलेल्या पाहुण्याकडे जायचं तर नारळ आणि पानसुपारी घेऊन जायचं आणि घरातली एखादी म्हातारी सोबत न्यायची, म्हणजे ते हाकलत नाहीत. मी त्या कामासाठी होते. यंत्र माझ्या पिशवीत होतं.

कारखाना म्हणजे घरामागची मोठी पडवी. कढईत केळीचे काप पडत होते, बाया चाळणीत निथळत होत्या, आणि जीवरामभाऊ वेफर्सवर मिठाचं पाणी शिंपडत होते. अभिमनने ते बघितलं आणि डोळे मिटले.

"या डॉक्टरसाहेब," जीवरामभाऊ म्हणाले. "आज कोनाले मोजनं शे? कढईले?"

अभिमनने नारळ पुढे केला. "चुकनू मी. उंदरले जे देस ते तुम्हले दिन्हं नही. येळ."

"मी उंदीर त शेच मंग."

"नही भाऊ. उंदीरले मी आसा कधी वागाडं नही."

हे ऐकून त्यांनी हातातला डबा खाली ठेवला, खाट ओढली. म्हणाले, बसा. मग चहा आला, मग दुसरा चहा आला. अभिमन बीपीचा शब्द काढेना. पाऊसपाणी झालं, केळीचा भाव झाला, सोनगीरच्या किल्ल्यावर पूर्वी वाघ होता की नव्हता हे झालं. उन्हं पडवीतून सरकली. तेव्हा जीवरामभाऊंनीच हात पुढे केला. "लाव आते. मन्हा जीव थंडा व्हयना."

आकडा आला एकशे चाळीस. थोडा जास्त, पण त्या दिवसाशी काही नातं नाही.

नवलने सुस्कारा सोडला. मी पिशवीतून पानसुपारी काढायला लागले, तर जीवरामभाऊ म्हणाले, "थांबा अक्का. आते यासना हात."

अभिमनने घड्याळ बघितलं. "आमनी बस जाई."

"जीपवर सोडसू."

"बाही तंग शे मन्ही."

"कैची शे घरमा."

मी काही बोलू शकले असते. सांगू शकले असते, की याच्या बापाला खळ्यावरून खाटेवर घालून आणलं तेव्हा हा सहावीत होता आणि खाटेचा एक पाय याच्या खांद्यावर होता. की भावाला आणायलाही हाच गेला. ज्याने दोनदा असं उचललं त्याला पट्ट्याची भीती वाटणारच. पण काही गोष्टी म्हातारीने बोलायच्या नसतात, नुसतं बसून राहायचं असतं.

जीवरामभाऊंचा आवाज चढला नाही. म्हणाले, "तुम्ही मन्हा कुळ दखं, मी दखाडं. जो मानूस सोतानं दखाडस नही, त्याना घरनी पोर मी कशी लेऊ? हितेंद्र कितला दिस रुसी, रुसो."

हितेंद्र कढईमागे उभा होता. झारा हातातच राहिला. काप करपायला लागले, तेही त्याला कळलं नाही.

अभिमन खाटेवर बसला. बाही वर केली. हात काळवंडलेला, बारीक, मूठ आवळलेली. मी पट्टा बांधायला पुढे झाले तर जीवरामभाऊंनी मला थांबवलं. तो त्यांनी स्वतः बांधला, पण यंत्र सुरू केलं नाही. नुसते शेजारी बसले. "घाई नही," म्हणाले. "बागे बागे, सावकाश. कढई चालूच शे, बसा." आणि मग ज्या आवाजात अभिमन उंदरांशी बोलतो, अगदी त्याच हळू आवाजात, त्या जाड्या माणसाने त्याला केळीचा माल रावेरहून कसा येतो, कोवळं केळ कसं ओळखायचं, साल कशी सोलायची हे सांगायला सुरुवात केली. अभिमन ऐकत राहिला. हळूहळू मूठ सुटली.

मग बटण दाबलं. एकशे शहाण्णव.

आकडा सगळ्यांनी वाचला. अभिमन त्या आकड्याकडे असा बघत होता, जणू एखादा पाहुणा येणार येणार म्हणून आयुष्यभर वाट बघितली, आणि आला तर तो आपल्याएवढाच उंच निघाला.

"याही," जीवरामभाऊ म्हणाले. आमच्याकडे व्याह्याला याही म्हणतात, आणि हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. "आते मन्हा पोऱ्यानाच इचार करना पडी."

अभिमन हसला. नवल हसला. मी आधी हसले होते.

त्यांनी त्याला तसंच मोटारसायकलवर बसवलं आणि आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. रविवारी दवाखाना बंद, तर घरून उठवलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रक्त-लघवी तपासायला सांगितली, आणि इतके दिवस काय करत होतात असं विचारलं. अभिमन म्हणाला, नोकरी. परत आल्यावर त्याने खिशातून सुपारी काढली. तीच, बैठकीतली. तेवढे दिवस ती त्याच्या खिशातच होती. कोणी फेकायला सांगितली नव्हती, असं म्हणाला. ती तिथेच, पडवीत, केळी सोलायच्या पाटावर फुटली. आम्ही जेवून निघालो. जेवणात पापड होता. दोन्ही व्याह्यांनी घेतला नाही.

लग्न आमच्या गावीच झालं. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, अख्खं गाव पंगतीला. पंगतीत मीठ वाढायचं काम लहान पोरांकडे देतात, त्यात चुकण्यासारखं काही नसतं. अभिमनने ते स्वतःकडे घेतलं. नव्या धोतरात, डोक्याला फेटा, हातात मिठाची वाटी, आणि ओळीने असा चालला, की जणू प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबतो आहे. काहींच्या पानात चिमूट, काहींच्या पानात अर्धी चिमूट, काहींकडे नुसतं बघून पुढे. लोक ओरडत होते, आबा, इकडे मीठ. आबांना ऐकू येत नव्हतं.

जीवरामभाऊंच्या पानापाशी आला तेव्हा त्यांनी आधीच पानावर हात आडवा धरला होता.

"आज कितलं?" अभिमनने विचारलं.

"सकायले एकशे बत्तीस. तुमनं?"

"एकशे तीस."

"खोटं. अक्काले इचारस मी."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी पंगतीच्या कडेला खुर्चीवर होते. मी म्हटलं, एकशे चौतीस, सकाळी मीच बघितलं. अभिमनने वाटीतलं मीठ चिमटीत धरलं, थोडा विचार केला, आणि परत वाटीत टाकून पुढच्या पानाकडे गेला.